मागच्या भिंतीचं माप

बबननं मला फसवलं. बबन म्हणजे माझा चुलतभाऊ, तात्याचा थोरला मुलगा, माझ्याहून वर्षानं मोठा. जालन्यातल्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, इमारतीची मागची भिंत मी गच्चीवरून मोजत होते आणि तो खाली उभा होता. माझं माप छातीएवढं कमी भरलं, ते माझ्या चुकीनं नाही, त्याच्या हातानं. ही गोष्ट मी आमच्या घरात, पाहुण्यारावळ्यांत, लग्नांत, मयतीत, जिथं तोंड उघडायला मिळालं तिथं सांगितली आहे. लोक म्हणतात, बाई, किती वर्षं झाली आता. मी म्हणते, वर्षं झाली म्हणून भिंत बुटकी होत नाही. आता लिहूनच ठेवते, म्हणजे माझ्यामागं कोणी ‘आत्याचा तो एक हेका होता’ असं म्हणून विषय मिटवायला नको.

आमचं घराणं विहिरीचं. आजा विहिरी खोदायचा आणि बांधायचा; माझा बाप, ज्याला आम्ही बापू म्हणायचो, आणि त्याचा धाकटा भाऊ तात्या, दोघं तेच करत मोठे झाले. बदनापूरपासून खाली शहागडपर्यंत कुठल्या शिवारात किती परसावर पाणी लागतं हे बापूला तोंडपाठ होतं. परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. आमच्या घरात फूट नंतर आले, परस आधी. आज्यानं खोदलेल्या कितीतरी विहिरींवर पाणी लागल्यानंतर त्याच आज्याला पोहरा टाकू दिला नव्हता. छप्पन सालानंतर आम्ही बुद्धाचे झालो, घरात वंदना आली, पण गावोगावच्या विहिरी होत्या तिथंच राहिल्या. बापू हे सांगताना चिडायचा नाही, मी चिडायचे. “पाणी लागायच्या आधीच आज्यानं बोली का न्हाई केली?” मी विचारायचे. “पाणी लागलं की त्यांची गरज सरली, एवढं कळत नव्हतं का?” बापू हसायचा आणि मायला म्हणायचा, “हिला बाजारात नेऊन उभी करा, शेळीच्या पैशात गाय आणंल.”

मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव अजून जिभेवरून गेली नव्हती आणि मायनं तर घरात रेशनच्या त्या लाल जोंधळ्याचं नावसुद्धा काढू द्यायचं बंद केलं होतं. दुष्काळात विहिरींचं काम भरपूर मिळालं, पण त्याच कामानं बापूचा पाय घेतला. एका विहिरीत दरड सुटली आणि गुडघ्याखालचं हाड असं मोडलं की ते पुन्हा सरळ बसलंच नाही. तो काठी धरून उठला तोवर गावोगाव बोअरच्या गाड्या फिरायला लागल्या होत्या. धडधड करत गाडी यायची, दिवसात भोक पाडून जायची. विहीर कोण खोदणार? मग आम्ही भिंतींकडं वळलो. प्लास्टर, चुना, गच्चीची गळती, पडलेले कठडे. जिनाच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं पत्र्याचं घर घेतलं. त्या घरात हंगामभर सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांची घरघर असायची, ती थांबली की उलट झोपमोड व्हायची. कापसाचे तंतू उडत येऊन भाकरीच्या पिठात पडायचे, दुधात पडायचे, मायच्या भुवयांवर बसायचे. जिनाचा भोंगा झाला की तात्या उठायचा, दुसरा भोंगा झाला की बबन, आणि मी भोंग्याच्या आधीच जागी असायचे. मला तेव्हा बसवतच नव्हतं. भाकरी थापतानाही पाय हलायचा. माय म्हणायची, “बाई, तुझ्या बुडाखाली निखारे ठेवलेत का?”

बापूला चढता येईना, म्हणून मापं घ्यायला मी वर जायला लागले. बबन अंगानं जड होता, जुन्या कौलावर आणि कच्च्या कठड्यावर त्याचा पाय धजत नसे. मी दोरीसारखी होते. आज माझा नातू हातात डबीएवढं यंत्र घेतो, भिंतीवर लाल ठिपका पाडतो आणि उंची सांगतो. मी त्याला म्हणते, बाबा, तुझ्या ठिपक्याला खोटं बोलता येत नाही, हेच त्यातलं चांगलं. आमची पद्धत दोन माणसांची होती. वरच्यानं गच्चीच्या काठावर पोटावर पालथं पडायचं आणि दोरीच्या टोकाला बांधलेला ओळंबा, म्हणजे ते लोखंडी वजन, हळूहळू खाली सोडायचं. पोहरा पाण्याला टेकला की हाताला कसं हलकं लागतं, तसं ओळंबा भुईला टेकला की दोरी एकदम हलकी होते. तेवढ्यात खालचा ओरडतो, “टेकला!” मग काठाच्या बरोबरीला दोरीला गाठ मारायची, दोरी वर ओढून घ्यायची, आणि अंगणात सरळ ताणून गजानं मोजायची. उंची कळली, घेर कळला की प्लास्टर किती, सिमेंट किती, मजूर किती, सगळं बोटांवर येतं. बापू हिशेब तोंडी करायचा. वर्षभरात मी त्याच्या आधी उत्तर सांगायला लागले, तर तो मुद्दाम खोकायचा, म्हणजे शेजारच्यांना वाटावं आधी त्यानंच सांगितलं.

आणि एक रीत होती, ती विहिरीतून आलेली. खाली उतरलेल्या माणसाचा शब्द वरच्यानं मोडायचा नाही. खालून ‘ओढा’ आलं की ओढायचं, ‘थांबा’ आलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. खाली अंधारात काय आहे ते त्यालाच दिसतं, आणि वरच्यानं शंका काढत बसलं तर खालचा मरतो. आमच्या घरात भावाभावांत भांडणं झाली, बायकाबायकांत झाली, पण खालच्यावर कोणी संशय घेतल्याचं मी ऐकलं नव्हतं. विहीर सोडून भिंतीवर आलो तरी रीत तीच राहिली. भिंतीच्या खाली अंधार नसतो, वरचा माणूस जिना उतरून स्वतः बघू शकतो, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

भाद्रपदाच्या सुरुवातीला जिनाच्या शेठचा निरोप आला. कापसाच्या गाठी बांधायची त्याची जुनी उंच इमारत होती, तिला चारी बाजूंनी बाहेरून नवं प्लास्टर करायचं होतं. काम उक्तं द्यायचं होतं, म्हणजे एकदा आकडा ठरला की वर-खाली काही नाही. आमच्यासाठी ते फार मोठं काम होतं. त्याच दिवसांत परतूरचे पाहुणे मला बघून गेले होते. मुलगा एसटीत लागलेला, माणसं चांगली, आणि मला नको होतं. मुलगा नको होता असं नाही. मला धंदा हवा होता. त्या रात्रीच्या जेवणाचं अजून सगळं आठवतं. मायनं अंबाडीची भाजी केली होती, वर लसणाची फोडणी, ज्वारीच्या भाकरी, आणि तात्याला लागतो म्हणून वाटीभर ठेचा.

“ते परतूरचे पुन्हा विचारून राह्यले,” तात्या घास मोडत म्हणाला. “पोराला एसटीत पर्मनंट केलं म्हणं.”

“मंग त्यांना एसटीनंच वापस पाठवा,” मी म्हणाले.

माय म्हणाली, “जीभ बघा हिची.”

“बापू,” मी भाकरी ठेवली, “मला धंद्यात घ्या. बबनचं जेवढं, तेवढं माझं. मी मापं घेते, हिशेब करते. शेठबरोबर बोलीसुद्धा मीच करते की न्हाई, बघा.”

बबन हसला. तो दिसायला देखणा होता, शर्टाच्या खिशात कायम कंगवा, आणि त्याचं बोलणं कोणाला लागायचं नाही, कारण तो आधीच हसून घ्यायचा. “तू धंद्यात आल्यावर मी काय करू कौशे? भाकरी थापू?”

“थाप की. गोल तरी येतात का बघू.”

सगळे हसले, बापू हसला नाही. त्यानं हात धुतला, काठी भिंतीला लावली आणि सगळ्यांसमोर बोलला. “जिनाचं माप कौशीनं घ्यायचं. तिच्या मापावर बोली करू. बांबूंची परांची बांधल्यावर शेठचा ओव्हरसियर पोलादी टेप लावणारच आहे. माप बराबर निघालं, तर ती बबनच्या बरोबरीनं धंद्यात, आणि लग्न तिच्या मनावर. चुकलं, तर परतूरला होकार. पुन्हा तोंड उघडायचं न्हाई.”

“कबूल,” मी म्हणाले. मला वाटलं मी जिंकलेच. मापात मी कधी चुकले नव्हते.

इमारतीची पुढची बाजू सोपी होती. फरशी केलेलं अंगण, लोक येत-जात होते, हमाल बघत होते. तिथलं माप चोख आलं. खरी गोम मागं होती. मागं जमीन नाल्याकडं उतरत जाते, त्यामुळं तीच इमारत मागून पुढच्यापेक्षा बरीच उंच. पुढं उभं राहून अंदाज करणारा ठेकेदार तिथंच फसतो. आणि त्या पावसाळ्यात मागं एरंड आणि काटेरी झुडपं माणसाच्या वर वाढली होती. मी गच्चीवरून वाकून बघितलं तर खाली नुसता हिरवा पाला. बबन त्यात शिरला आणि दिसेनासा झाला. कठडा ओला होता, पोटाला गार लागत होता. मी काठी बाहेर काढून तिच्यावरून दोरी सोडत गेले. ओळंबा पाल्यात गेला. दोरी हलकी झाली.

“टेकला!” खालून बबन.

माझ्या डोळ्यानं जास्त उंची सांगितली होती. डोळा आणि दोरी यांत एवढा फरक मला कधी पडला नव्हता. म्हणून मी ओरडले, “बराबर टेकला का रे?”

“टेकला म्हनलं ना! विहिरीतल्या माणसाला दोनदा इचारती का?”

मी दोरी काठाशी धरली. गाठ मारली. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा दोरी सोडली, पुन्हा हलकी झाली, पुन्हा ‘टेकला’, तिथंही गाठ मारली. आज मला कोणी विचारलं की बाई, तू एवढी हुशार, तुला कळलं कसं नाही, तर मी सांगते: ओळंबा भुईवर टेकू दे नाहीतर कोणाच्या तळहातावर, वरच्या हाताला दोन्ही सारखेच लागतात. वजन गेलं एवढंच कळतं. ते कोणी घेतलं हे कळत नाही.

घरी येऊन मी बापूला म्हणाले, “मागची बाजू कमी भरून राह्यली. ऊन पडलं की सावलीनं ताळा घेऊ.” सावलीचा ताळा बापूनंच मला शिकवला होता. भुईत काठी रोवायची, काठीची सावली मोजायची, इमारतीची मोजायची, आणि त्यावरून उंची काढायची. ताळ्याशिवाय बापू साधा गोठासुद्धा हातात घ्यायचा नाही. पण आभाळ दाटलेलं होतं, आणि त्या दिवशी तो म्हणाला, “शेठनं उद्या बोलवलंय. आपल्याच दोरीवर भरोसा न्हाई का आपला?” मला बरं वाटलं. मला वाटलं, ह्याचा भरोसा दोरीवर नाही, माझ्यावर आहे.

शेठच्या गादीवर मी तात्या आणि बापूच्या मधे बसले. शेठनं चष्म्यावरून बघितलं. “बापूराव, पोरीला कशाला आणलं? चहा करायला?”

“चहा तुमच्याकडचा पिऊ शेठ,” मी म्हणाले, “माप आमच्याकडचं घ्या.”

शेठ हसला. मग त्यानं सांगितलं की दुसऱ्या एका ठेकेदारानं आकडा दिलाय, त्यानं मागची बाजू आमच्यापेक्षा उंच धरली आहे. “तुमची कमी कशी?”

“त्यांनी एरंडासकट मोजली असंल,” मी म्हणाले. “तुम्हाला एरंडाला प्लास्टर करायचं असंल तर त्यांना काम द्या.”

गादीवरचे सगळे हसले. दिवाणजी तर पानाची पिचकारी आवरता आवरता ठसकला. मी मग सोडलंच नाही. शेठ एक पाऊल मागं सरला की मी दोन पुढं. वाळू कोणाची, पाणी कोणाचं, परांचीचे बांबू कोणाचे, सिमेंटचं परमिट कोण काढणार, सगळं एकेक करून ठरवलं. सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं. जेवढं माप सांगाल तेवढ्याच गोण्या, वरची गोणी लागली तर काळ्या बाजारात. परमिट शेठनं काढायचं हे मी त्याच्या गळ्यात मारलं तेव्हा बापूनं माझ्या पाठीवर हात ठेवला. काम आम्हाला मिळालं. त्या दुसऱ्या ठेकेदाराचं माप खरं होतं आणि ते मी सगळ्या गादीला हसवून खोटं पाडलं होतं. बबननं नुसतं माप कमी केलं नाही. त्यानं ते माझ्या तोंडून लढवून घेतलं. ह्याचा राग मला इतर सगळ्या गोष्टींहून जास्त आहे.

दिवाळीनंतर परांची बांधायला घेतली. त्याआधी मागची झुडपं तोडून जागा मोकळी केली. ओव्हरसियर पोलादी टेप घेऊन वर गेला, खाली त्याचा माणूस उभा राहिला, आणि आकडा आला. ओव्हरसियरनं माझा आकडा विचारला. मी सांगितला. तो म्हणाला, “कसं शक्य आहे?”

मी माझी दोरी आणली. दोन्ही गाठी तशाच होत्या, पहिली गाठ ओळखता यावी म्हणून मी तिच्यात लाल चिंधी अडकवली होती. गच्चीवर जाऊन चिंधीची गाठ कठड्याच्या काठाला बरोबर धरली आणि ओळंबा खाली सोडला. आता खाली पाला नव्हता, सगळं स्वच्छ दिसत होतं. ओळंबा भुईपर्यंत गेलाच नाही. हवेत लोंबत राहिला. मी गाठ काठीला बांधली आणि जिना उतरून धावत मागं आले. ओव्हरसियर, शेठ, बापू, तात्या, चार मजूर, सगळे उभे होते. बबन भिंतीजवळ उभा होता आणि माझा ओळंबा त्याच्यासमोर हळूहळू हेलकावे खात होता, बरोबर त्याच्या शर्टाच्या खिशासमोर, कंगव्याच्या टोकाला लागेल एवढा. हात दुमडून पुढं धरला तर तळहात जिथं येतो, बरोबर तिथं.

सगळ्यांनी ते पाहिलं. मला एकटीला ते काय आहे ते दिसलं.

“ह्यानं हातात धरला होता!” मी ओरडले. “ह्यानं ओळंबा हातात झेलला! बघा, बघा ना, ह्याच्या छातीला आला!”

“दोरी ओली होती,” बबन म्हणाला. तो हसत नव्हता. तो बोलायच्या आधी हसला नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते. “आटली असंल.”

“छातीएवढी आटती का दोरी? दुसरी गाठ सोडू का? तिकडंही तुझ्या छातीलाच येती का बघू!”

बापूची काठी जमिनीवर आपटली. “कौशे! खालच्यावर संशय घेती? आपल्या घरात?”

“बापू, तुम्हीच बघा—”

“गाठ चुकली. होतं असं. तोंड आवर.”

मी शेठकडं बघितलं. शेठ दुसरीकडं बघत होता. त्याचं काम ठरल्या पैशात होणार होतं, त्याला काय. तात्या वाकून भिंतीच्या पायथ्याची माती बोटांनी चोळत होता, जणू तिथंच काही सापडणार होतं. दुसरी गाठ कोणी सोडू दिली नाही. मजुरांसमोर बापूनं स्वतः काठीवर तोल सांभाळत दोरी गुंडाळली. आणि माझं माप चुकलं, हा निकाल तिथंच, नाल्याच्या काठावर, लागला. माप चुकलं यापेक्षा मी खालच्यावर आळ घेतला ही गोष्ट मोठी ठरली. बबनची आई, माझी काकी, माझ्याशी महिनाभर बोलली नाही. गल्लीतल्या बायकासुद्धा म्हणायच्या, चूक झाली ती झाली, पण भावाच्या अंगावर का ढकलावी?

काम आम्हाला पुरं करावं लागलं. वरच्या गोण्या काळ्या बाजारातून आणल्या, मायच्या पाटल्या गेल्या. पण घरात मला कोणी वाईट बोललं नाही. हे मला तेव्हा फार विचित्र वाटलं होतं. मी वाट बघत होते, बापू आता ओरडेल, आता ओरडेल. त्यानं त्या संध्याकाळी बाजारातून पुडीभर गरम जिलबी आणली आणि स्वतःच्या हातानं पुडी माझ्यापुढं ठेवली. “खा माय,” तो म्हणाला. “परतूर काय लांब न्हाई.” मी रडत जिलबी खाल्ली. केवढी माया, असं वाटलं. पुढं कितीतरी वर्षं मी ती जिलबी बापूच्या चांगुलपणाची खूण म्हणून सांगत आले.

माघात लग्न झालं. नवरा सरळ माणूस निघाला, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. परतुरात मी दोन वर्षं गप्प बसले, मग विटा घेऊन विकायला लागले, मग वाळू, मग खडी, मग ठेके. नवरा एसटीच्या पासावर फिरायचा आणि मी ट्रकच्या केबिनमधे. माझ्याशी भाव करायला आलेली माणसं घाम पुसत जायची, अजून जातात. आणि एक नेम केला: माझ्या कामावर उंचीचं माप घ्यायचं असलं की वर कोणी चढो, खाली मी उभी राहणार. पन्नास माणसं हाताखाली असताना, गुडघे गेले असताना, मी भर उन्हात ओळंब्याखाली उभी राहिलेली लोकांनी बघितली आहे. बबननं जालन्यात बापूचा आणि तात्याचा धंदा चालवला. आता त्याच्या नावाच्या इमारती आहेत, कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसतो, केस गेले पण हसणं तेच. तात्या गेला, बापू त्याच्यानंतर गेला. बापूच्या मयतीला मी बबनला विचारलं. तो म्हणाला, “कौशे, आज तरी नको.” नातीच्या लग्नात विचारलं. तो म्हणाला, “किती जुनं उकरून राह्यली?” एकदाही त्यानं ‘नाही’ म्हटलं नाही. मी भाव करण्यात जन्म घालवला आहे. माणूस ‘नाही’ म्हणत नाही तेव्हा त्याचा अर्थ काय, हे मला कोणी शिकवायला नको.

एवढंच असतं तर मी हे प्रकरण इथं मिटवलं असतं. बबननं फसवलं, धंदा त्याला एकट्याला हवा होता, झालं. पण माय शेवटची वर्षं माझ्याजवळ राहिली. एकदा दुपारी सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती. मी माझ्या नातीच्या सोयरिकीवरून कोणाशी तरी फोनवर भांडत होते. फोन ठेवला तशी माय सहज म्हणाली, “तू तुझ्या बापावर गेली. त्यानं तर तुझ्या वेळी पोळ्यालाच शब्द देऊन टाकल्ता परतूरवाल्यांना. घरात कोणाला सांगितलं न्हाई, मलाबी लग्नानंतर कळलं.”

“कधी?”

“पोळ्याला म्हनलं ना. बैलं वापस आली, तेव्हा पाहुणे ओसरीवर बसल्ते.”

ती डाळ निवडत राहिली. तिच्या दृष्टीनं ती सुखाची आठवण होती. मी बोटांवर महिने मोजले. पोळा श्रावणाच्या शेवटी. जिनाचं माप भाद्रपदात. म्हणजे अंबाडीच्या भाजीवर हात धुऊन बापू जेव्हा सगळ्यांसमोर बोलला, माप बरोबर निघालं तर लग्न तुझ्या मनावर, तेव्हा त्याचा शब्द आधीच दुसरीकडं गेलेला होता. माझं माप बरोबर निघालं असतं तर त्याला पाहुण्यांपुढं खाली बघावं लागलं असतं. आणि ज्या माणसानं ताळ्याशिवाय कधी गोठा घेतला नाही, त्यानं त्या एका इमारतीला ताळा घेऊ दिला नाही.

तात्याला त्याचा मुलगा पुढं आणायचा होता, हे खरं. बबनला धंदा हवा होता, हेही खरं. दोघांपैकी कोणीही ते करू शकत होतं. मी गेली कितीतरी वर्षं मनात त्यांच्याच नावावर घासाघीस करत बसले आहे, कारण तिसरं नाव घ्यायला जीभ उचलत नाही.

बबन, तू हे वाचशील. तुझी सून वाचून दाखवेल, मी प्रत पाठवणारच आहे. तू ओळंबा हातात धरलास का, हे मी आता विचारत नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पैसे नकोत, धंद्यातला वाटा नको, चारचौघांत माफीही नको. वय झालं, जुनं झालं, मेलेल्या माणसांना कशाला मधे आणायचं, हे मला ऐकवू नकोस. तुझ्या डोक्यात ही युक्ती स्वतःहून येण्याएवढी तुझी बुद्धी तेव्हा नव्हती, हे तुलाही माहीत आहे. त्या एरंडात शिरायच्या आधी तुला कोणीतरी बाजूला घेतलं होतं. कोणी घेतलं होतं? तुझ्या बापानं की माझ्या?